लॉर्ड मॅकडॉनल्डची चाल

नवरात्रात माटुंग्याला आमच्या ओळखीच्या एका मामींकडे कोलू मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, सगळ्यांत वर देव, खाली लाकडी राजाराणी, आणि तळाशी दुकान मांडून बसलेला वाणी, त्याच्यापुढे खऱ्याच डाळ-तांदळाच्या इवल्या राशी. समईचं तेल, मोगरा आणि आतून येणारा सुंडलच्या फोडणीचा वास. आलेल्यानं एकतरी गाणं म्हणायचं, हा त्या घरचा शिरस्ता. यंदा एक लहान मुलगी पुढे आली. परकर सावरून ताठ उभी राहिली आणि मांडीवर हातानं ताल देत तिनं कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षित यांच्या एका गाण्याला सुरुवात केली, ‘जगदीश गुरुगुह’. शब्द संस्कृत, सूर मात्र सरळसोट. त्यांत आंदोलन नव्हतं, मींड नव्हती. एकेक स्वर आपापल्या जागी पाय रोवून उभा होता आणि सगळे मिळून पळत होते. दुसरी ओळ यायच्या आधीच माझ्या डाव्या हाताची बोटं आपोआप हलायला लागली. ही चाल माझ्या बोटांना माहीत होती.

गाणं संपलं, कौतुक झालं. शेजारी बसलेले एक गृहस्थ, स्वतः गाणं जाणणारे, हळू आवाजात पण ठामपणे म्हणाले, ‘‘हे मूळचं आपलं नाही. इंग्रजी बँडवरून उचललेलं आहे. दीक्षितांसारख्या माणसानं हे का केलं, मला अजून कळत नाही.’’ मामींनी ते ऐकलं असावं. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांनी मुलीच्या हातात सुंडलचा द्रोण दिला आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. मीही गप्प राहिले. पण ‘उचललेलं’ हा शब्द माझ्याबरोबर घरी आला, आणि पुढे कित्येक दिवस भांडी घासताना, लोकलच्या दारात उभी असताना मी मनातल्या मनात त्या गृहस्थांशी बोलत राहिले.

माझ्या बोटांना ती चाल व्हायोलिनवर शिकवली होती गिरगावातल्या एका गोव्याच्या सरांनी. कॅव्हेलच्या एका जुन्या चाळीत त्यांची खोली होती. लाकडी जिना, कठड्याला हात लावला की धूळ लागायची, आणि वर पोचायच्या आधीच गजाला लावायच्या राळेचा वास यायचा, थोडा देवळातल्या धुपासारखा, थोडा औषधी. सर त्यांच्या गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकले होते. गोव्यातल्या असल्या शाळांनी मुंबईच्या सिनेसंगीताला किती वादक पुरवले, हे इथे कुणाला सांगायला नको. सरही त्यांतलेच. दिवसा रेकॉर्डिंग, संध्याकाळी शिकवणी. आम्हांला ते आधी स्केल घोटायला लावत आणि कंटाळा आला की एक जीर्ण, कडा तुटलेलं पुस्तक काढत. त्यात रील, जिग, हॉर्नपाइप असली नाचाची गाणी होती. त्यातल्या एकावर ‘लॉर्ड मॅकडॉनल्ड्‌स रील’ असं लिहिलेलं होतं. हा लॉर्ड कोण, असं मी विचारल्याचं आठवत नाही. सर म्हणायचे, ‘‘पायानं वाजव, बाय. ऐकणारा बसून राहिला तर तू चुकलीस.’’

रील म्हणजे आठ-आठ मात्रांची धाव. एक तुकडा दोनदा, मग दुसरा तुकडा दोनदा, की पुन्हा पहिला. मधे श्वास घ्यायला जागा नाही. नाचणारे दमेपर्यंत वादकानं थांबायचं नाही, एवढाच नियम. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, हायलँडमधल्या, जुन्या रीलमध्ये तीन किंवा चार माणसं एकमेकांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरतात, मग जागेवर थांबून पायांचं काम दाखवतात, मग पुन्हा फिरतात. चालीचे दोन तुकडे या दोन कामांसाठी असतात. त्यामुळे कानानं ऐकताना जे गोल गोल फिरल्यासारखं वाटतं, ते पायांनी खरंच फिरलेलं असतं. लॉर्ड मॅकडॉनल्डची रील आमच्या बिलावलच्या स्वरांत बसते. पहिला तुकडा खालच्या षड्जापाशी घुटमळत, वर उसळत, परत येत राहतो. दुसरा वरच्या अंगानं हिंडतो. तिचं कौशल्य असं की ती संपल्यासारखी वाटतच नाही. शेवटच्या स्वरावर पोचलं की पहिला स्वर ओढून घेतो.

मामींकडून आल्यावर मी त्या लॉर्डचा शोध घ्यायला बसले, आणि तिथे मला वेगळंच काही सापडलं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला स्काय नावाचं बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाचा, स्लीटचा जमीनदार म्हणजे सर अलेक्झांडर मॅकडॉनल्ड. कुळांचा प्रमुख, पण शिकलेला ईटनमध्ये, रमणारा दक्षिणेत. १७७६ मध्ये तो लॉर्ड झाला आणि १७९५ मध्ये वारला. फिडल, म्हणजे व्हायोलिनच, चांगली वाजवायचा, आणि स्कॉटिश परंपरेत ही रील त्याच्याच नावावर जमा आहे, म्हणजे त्याला अर्पण केलेली नव्हे, त्यानं स्वतः बांधलेली. ज्या काळात नील गाऊसारखा डंकेल्डजवळचा विणकराचा मुलगा सरदारांच्या दिवाणखान्यात फिडल वाजवून नाव कमावत होता आणि त्याचा मुलगा नॅथॅनिएल एडिंबरोत नाचाच्या चालींची पुस्तकं छापत होता, त्या काळात जमीनदारानं स्वतः गज हातात घेणं हे विचित्र नव्हतं. चाल घोड्यावरून, बोटीतून, छापील पानावरून झपाट्यानं पसरत होती.

१७७३ च्या सप्टेंबरात इंग्रज लेखक डॉ. जॉन्सन आणि त्याचा चरित्रकार बॉझवेल स्कायवर उतरले ते याच सर अलेक्झांडरकडे, आर्माडेलला. पाहुणचार यथातथाच झाला. कुळांचा पालक म्हणवणारा माणूस हात आखडता घेतो, भाडं वाढवतो आणि लोक गाव सोडून चाललेत याची त्याला तमा नाही, याचा जॉन्सनला संताप आला. बॉझवेलनं १७८५ मध्ये प्रवासवृत्तान्त छापला, तेव्हा लॉर्ड मॅकडॉनल्ड इतका खवळला की त्यानं धमकीवजा पत्र पाठवलं आणि पुढच्या आवृत्तीत काही मजकूर सौम्य करावा लागला. पण माझं मन अडकलं ते दुसऱ्या एका नोंदीत. फेरफटका मारून ही मंडळी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा आर्माडेलला आली. संध्याकाळी नाच झाला. बॉझवेलही नाचला. तो लिहितो की या नाचाला इथले लोक ‘अमेरिका’ म्हणतात. एक जोडी गिरकी घेते, तिचं पाहून दुसरी, मग तिसरी, असं करता करता सगळं रिंगण फिरायला लागतं. स्थलांतराचं वारं एका घरातून दुसऱ्या घरात शिरून अख्खा गाव कसा वाहून जातो, ते या नाचात दाखवलंय, असं त्याला वाटलं.

त्याच पानांवर मिसेस मॅकिनन नावाच्या बाईंनी सांगितलेली गोष्ट आहे. आदल्या वर्षी पोर्ट्रीहून अमेरिकेचं जहाज सुटलं, तेव्हा किनाऱ्यावर राहिलेले नातेवाईक जमिनीवर लोळले आणि त्यांनी दातांनी गवत उपटलं. या वर्षी मात्र कुणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मागे राहिलेल्यांना वाटत होतं, आता आपणही लवकरच जाणार.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं.

दातांनी गवत उपटणं आणि गिरकी घेणं, दोन्ही एकाच गावात, एकाच कारणानं. एकीकडे ज्याच्या भाडेवाढीमुळे कुळं जहाजात चढत होती, तोच माणूस कधीतरी दिवाणखान्यात बसून, हनुवटीखाली फिडल धरून, इतकी निरागस, इतकी आनंदी चाल बांधत होता. मला हे पचवायला वेळ लागला. लहानपणी मी जी चाल वाजवून टाळ्या घेतल्या, तिच्यावर मला एकदम राग आला. मग वाटलं, चालीचा काय दोष? मग वाटलं, नाही, इतक्या लगेच तिला सोडून देऊ नये. ज्या हातानं भाड्याच्या वह्या उलटल्या त्याच हाताची ती आहे, हे तिच्याबद्दलचं एक सत्य आहे आणि ते मला माहीत असलेलं बरं. दोन्ही गोष्टी मी अजूनही एकत्र धरून ठेवते. त्यांचा मेळ बसवता येत नाही.

पण चालीनं स्वतः काय केलं पाहा. ती त्या कुळांच्याच वाटेनं गेली. हायलँडचे लोक नॉर्थ कॅरोलायनात गेले, कॅनडात नोव्हा स्कोशियात, केप ब्रेटनला गेले. जहाजावरच्या याद्यांत पेट्या, पोती, माणसं यांची मोजदाद असते, चालींची नसते. फिडल नसली तरी बिघडायचं नाही, कारण त्यांच्या गेलिक भाषेत तोंडानं नाचाच्या चाली म्हणायची पद्धत होती. अर्थाला फारसं महत्त्व नसलेले, जिभेला चाबूक लावणारे शब्द, आणि त्यावर पाय. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या डोंगराळ भागात पोचता पोचता ही रील बदलली. तिथल्या वादकांनी मोकळ्या तारा सोबत घेतल्या, दोन-दोन तारा एकदम वाजवल्या, गज मागेपुढे घासून ठेका स्वतःच निर्माण केला, शेजारी बँजो आला. आणि नाव पार बदललं. ‘लेदर ब्रिचेस’, कातड्याची विजार. टाके घातलेल्या, आईनं बटणं शिवून दिलेल्या विजारीचं एक खट्याळ कडवंही तिला चिकटलं. काही वादक म्हणतात की नावातली ‘विजार’ म्हणजे तिकडे थंडीसाठी दोऱ्यात ओवून वाळवलेल्या घेवड्याच्या शेंगा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मिसिसिपीतल्या वादकांनी ती तबकड्यांवर वाजवली, त्या मी इंटरनेटवर ऐकल्या. कार्टर ब्रदर्स अँड सन यांची ऐकताना अंगावर काटा आला. खरखर, ओरडा, मधेच कुणीतरी बोलतंय, आणि खालून तीच चाल, तीच, पण दिवाणखाना कधीच मागे सोडलेली. तिच्यात धूळ आहे, घाम आहे, लाकडी जमिनीवर आपटलेल्या बुटांचा आवाज आहे.

लॉर्डचं नाव समुद्रात कुठेतरी गळून पडलं. ज्यांना त्यानं ठेवून घेतलं नाही, त्यांच्या देशात त्याचं नाव राहिलं नाही आणि चाल मात्र शेतावरच्या कामकऱ्यांच्या कपड्यांची झाली. हे कुणी ठरवून केलं नसेल. तरी मला त्यात एक न्याय दिसतो, आणि तो मला आवडतो.

आयर्लंडमध्ये नाव टिकलं, पण चाल वाढली. तिथे तिला आणखी तुकडे जोडले गेले. स्लायगोच्या मायकेल कोलमननं, जो १९१४ मध्ये अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्येच राहिला, ती तबकडीवर वाजवली आणि त्या तबकड्या बोटीनं उलट्या आयर्लंडला आल्या. मग गावोगावचे वादक आपल्या बापजाद्यांची पद्धत बाजूला ठेवून कोलमनसारखं वाजवायला लागले. परदेशी गेलेला मुलगा जुनं गाणं परत पाठवतो आणि गाव त्याच्याकडून ते नव्यानं शिकतो, असा हा उलटा प्रवास. त्याचं वादन ऐकताना वाटतं, एकेका स्वराला त्यानं छोटीशी गाठ मारली आहे, वळण दिलं आहे, पण धाव कुठेही अडत नाही. सरांच्या खोलीत आम्ही वाजवायचो ते याच्यापुढे फारच गुळगुळीत.

आणि स्कायवर? तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला धर्मजागृतीची लाट आली. डॉनल्ड मन्रो नावाचा आंधळा फिडलवादक धर्मोपदेशक झाला आणि त्याच्या प्रभावाखाली लोकांनी आपापल्या फिडल्स, बॅगपाइप आणून त्यांची होळी केली, अशी आठवण तिकडे सांगितली जाते. लाकूड, वार्निश, आतड्याच्या तारा जळताना कसा वास आला असेल, हा विचार मनातून जात नाही. ज्या बेटावर ही चाल झाली, तिथे वाद्यांना आग लागलेली असताना ती मिसिसिपीच्या दिशेनं निघाली होती. आणि त्याच सुमारास मद्रासलाही पोचली होती.

मद्रासचा रस्ता लष्कराचा. हायलँडच्या तरुणांपुढे दोनच वाटा होत्या, जहाजानं अमेरिका किंवा पलटणीत भरती, आणि लॉर्ड मॅकडॉनल्डनं १७७७ मध्ये स्वतःच एक पलटण उभी केली होती. ती अमेरिकेत लढली. दुसऱ्या स्कॉटिश पलटणी १७८० पासून मद्रास किनाऱ्यावर उतरू लागल्या. फोर्ट सेंट जॉर्जमध्ये बँड होता, आणि तेलुगू-तमिळ लोकांत त्याला ‘ऐरिश’ बँड म्हणत. मद्रासजवळ मणलीला मुद्दुकृष्ण मुदलियार नावाचे कंपनीचे दुभाषी होते, त्यांच्या आश्रयाला रामस्वामी दीक्षित आणि त्यांची मुलं राहत. मुदलियार या मुलांना किल्ल्यात बँड ऐकायला नेत, असं परंपरा सांगते. त्यांतला एक मुलगा, बालुस्वामी, बँडमधल्या एका वादकाकडे व्हायोलिन शिकला. आज कर्नाटक संगीताच्या मैफलीत मांडी घालून, वाद्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून व्हायोलिन वाजवणारा जो दिसतो, त्याची वंशावळ या मुलापर्यंत जाते. आणि थोरला, मुत्तुस्वामी, त्यानं ऐकलेल्या सुरांवर संस्कृत रचना केल्या. चाळीसच्या आसपास आहेत त्या. ‘नोट्टुस्वर’ म्हणतात त्यांना. ब्रिटिश राजगीताची चाल आहे त्यांत, पलटणीची संचलनगीतं आहेत, नाचाच्या चाली आहेत, आणि आहे ती लॉर्ड मॅकडॉनल्डची रील, ‘जगदीश गुरुगुह’ होऊन.

मला या जागी थोडं थांबायचं आहे, कारण माझं सगळं भांडण इथेच आहे. मुत्तुस्वामी दीक्षित म्हणजे कोण? कमलांबा देवीच्या नऊ आवरणांची कीर्तनं रचणारा, ज्याचा विलंबित लयीतला एकेक चरण कळायला आयुष्य जातं, असा माणूस. काशीला जाऊन आलेला, तिकडचं संगीत ऐकलेला. त्याला नाचाची चाल घ्यायची गरज नव्हती. त्यानं ती घेतली कारण त्याला ती ऐकू आली. आणि घेताना काय केलं? तिला गमकांनी सजवलं नाही. तिचे स्वर सरळ ठेवले, शंकराभरण रागाचे सगळे शुद्ध स्वर, जसे ऐकले तसे. तिच्यावर आपलं व्याकरण लादलं नाही. फक्त शब्द दिले, देवाचं नाव दिलं आणि शेवटी आपली मुद्रा, म्हणजे सहीचा शब्द, ‘गुरुगुह’ ठेवली. मला वाटतं, हे फार मोठ्या मनाचं ऐकणं आहे. परक्याच्या गाण्यातला सरळपणा त्याला कमीपणाचा वाटला नाही, आणि त्या सरळपणामुळेच ही गाणी आज लहान मुलांना पहिल्यांदा शिकवतात. ताल कळतो, स्वर पक्के होतात, आणि गाताना मजा येते. मामींच्या घरातल्या त्या मुलीला मजाच येत होती, तिच्या टाचा वर उचलल्या जात होत्या. संस्कृत गाताना रीलनं तिचे पाय सोडले नव्हते.

पुढे १९०४ मध्ये बालुस्वामींच्या घरातल्या सुब्बराम दीक्षितांनी एट्टयपुरमला ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा महान कीर्तनांचा प्रचंड ग्रंथ छापला, आणि पुढच्याच वर्षी शिकाऊ मुलांसाठीच्या ‘प्रथमाभ्यास पुस्तकमु’मध्ये ही नोट्टुस्वरंही सांभाळून ठेवली. त्या घरानं त्यांना कधी लपवलं नाही. मग आपण कशाला लाजायचं?

तरीही त्या गृहस्थांच्या मनात जे खुपत होतं, ते मला परकं नाही. चाल एकटी आली नव्हती, तोफांबरोबर आली होती. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्याकडे असईला, केळणेच्या काठी, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलँड पलटणी होत्या. ७८ व्या पलटणीची एक आठवण तिकडच्या लष्करी इतिहासात सांगतात. असईला वादकांना हुकूम झाला की वाद्यं ठेवा आणि जखमींना उचला. एका पायपरनं, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्यानं, आपणही वादकच, असं समजून पाइप खाली ठेवले. त्याचे सोबती त्याच्यावर चिडले. बासरीवाले बाजूला गेले तर चालेल, पण लढाईत पायपर गप्प कसा? नोव्हेंबरात अडगावच्या लढाईत त्यानं त्याची भरपाई केली आणि जोरानं वाजवत चालत गेला. अडगाव म्हणजे आपलं वऱ्हाडातलं. मी तो भाग पाहिला आहे. कपाशी, तूर, काळी माती. त्या मातीवरून ते सूर गेले आणि त्यामागे आपली माणसं पडली. ही गोष्ट वाचताना त्या पायपरचं मला कौतुक वाटतं आणि त्याच वेळी पोटात तुटतं.

आणि त्याच १८०३ मध्ये तंजावरला सरफोजी महाराज बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेत होते. भलीमोठी भिंत, बारीक अक्षर, ओळीमागून ओळ. राज्य चार वर्षांपूर्वीच, १७९९ च्या तहानं, कंपनीकडे गेलं होतं. महाराजांच्या हाती किल्ला, मान आणि तनखा राहिला होता. पण त्याच दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. त्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते, चौघेही मुत्तुस्वामी दीक्षितांचे शिष्य. भरतनाट्यमचा आजचा क्रम त्यांनी बांधला, आणि वडिवेलू व्हायोलिनमध्ये इतका तरबेज झाला की पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ राजांनी त्याला हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. हरलेला मराठी राजा, तमिळ नट्टुवनार म्हणजे नृत्यगुरू, तेलुगू-संस्कृत गाणी, इटलीत जन्मलेलं वाद्य, आणि स्कॉटिश पलटणींच्या मागोमाग आलेले सूर. सगळे एकाच अंगणात.

तंजावरची गच्च दमट हवा, देवळाच्या तापलेल्या फरशीवर चटके बसणारे पाय, आणि त्या भिंतीवरचा मराठी मजकूर बोटानं वाचत सरकणं, हे मी अनुभवलं आहे. तिथे एक आजोबा भेटले होते, तंजावरी मराठी बोलणारे. त्यांचं मराठी ऐकताना मला आधी हसू फुटलं, आणि लगेच डोळे भरून आले. शब्द आपले, हेल तमिळ, आणि काही शब्द आपण कधीच टाकून दिलेले. ते म्हणाले, ‘‘तुमचं मराठी फार वेगळं झालंय हो.’’ त्यांच्या बाजूनं पाहिलं तर बदलले आपणच. कोलमनच्या तबकड्यांची गोष्ट वाचली तेव्हा मला ते आजोबा आठवले.

माझं उत्तर आता तयार झालं आहे, आणि मामींकडे ते गृहस्थ पुन्हा भेटले तर मी बोलणार आहे. उचलण्यात कुणाचं तरी काहीतरी कमी व्हावं लागतं. दीक्षितांनी रील घेतली म्हणून स्कायमधलं काय कमी झालं? आर्माडेलच्या कुळांची जमीन कमी झाली, भाकरी कमी झाली, गाव रिकामं झालं, पण ते घेणारा दीक्षित नव्हता. ते घेणारा चालीचा कर्ताच होता. असईच्या रानात आपण जे गमावलं, तेही या चालीनं नेलेलं नाही. ज्यांनी खरोखर उचललं, त्यांच्याकडे बोट दाखवायचं सोडून आपण एका संगीतकाराच्या उदार कानावर आळ घेतो, याचं मला वाईट वाटतं.

हे मी इतकं ठामपणे म्हणते, तेव्हा एका गोष्टीला सामोरं जायला हवं. १८६४ च्या सुमारास मोरगावकर रामचंद्रबुवा नावाचे कीर्तनकार तंजावरला गेले. चातुर्मासात त्यांची कीर्तनं झाली आणि तिथले लोक वेडावले. त्यांचं ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळमधली हरिकथा बांधली, आणि तिच्यात आपली साकी, दिंडी, ओवी, आर्या, अभंग हे सगळं त्यांच्या त्यांच्या चालींसकट घेतलं. आजही तमिळ हरिकथेत या जागा येतात. सीतेचं स्वयंवर चाललेलं असतं, भागवतर उभे राहून, चिपळ्या वाजवत, तमिळमध्ये दिंडी म्हणतात. मी अशी एक हरिकथा ऐकली. शब्द कळत नव्हते. दिंडी सुरू झाली आणि मी एकदम सरसावून बसले, कारण ती माझ्या आजीच्या तोंडची होती. माझ्या भोवतीच्या माणसांना ती त्यांच्या आजीच्या तोंडची होती. कुणाच्याही चेहऱ्यावर महाराष्ट्राचा विचार नव्हता आणि असायचं काही कारणही नव्हतं.

त्यांना माहीत असावं की ही आमच्याकडून आली, असं मला वाटलं का? वाटलं. चांगलंच वाटलं. शेजारच्या बाईंना कोपरानं ढोसून सांगावं, असंही एक क्षण मनात आलं. पण दिंडीचा दुसरा चरण चालू झाला होता, त्या डोळे मिटून मांडीवर ताल धरत होत्या, आणि मीही धरला.